मीठ घालूनही हॉट टबचे क्लोरिन यंत्र ‘मीठ कमी’ दाखवते

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. आमच्या गच्चीवर 1,200 लिटरचा हॉट टब आहे. गरम पाण्यात बसल्याने बाबांच्या गुडघ्यांना आराम पडतो, म्हणून मागच्या दिवाळीत तो बसवला आणि रोज हाताने क्लोरिन टाकावे लागू नये यासाठी मिठापासून क्लोरिन तयार करणारे यंत्रही घेतले. पहिले काही महिने कोणतीही तक्रार नव्हती. उन्हाळ्यात नळाला येणारे नर्मदेचे पाणी पुरेना, तेव्हा टब रिकामा करून बोरिंगच्या पाण्याने भरला आणि महिन्याभरातच ‘मीठ कमी’ हा दिवा लागू लागला. पुस्तिकेत 2,000 पीपीएम (दर लिटरमागे 2,000 मिलिग्रॅम) मीठ सांगितले असल्याने भरतानाच किराणा दुकानातले अडीच किलो खडे मीठ घातले होते. दिवा लागल्यावर अर्धा-अर्धा किलो करत आणखी एक किलो घातले, तरी तो विझत नाही. सकाळी तपासले तर क्लोरिन जेमतेम अर्धा पीपीएम, पीएच 8.2 आणि कठीणपणा (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) 450 पीपीएम येतो. पाणी 38 अंशांवर असते. यंत्राचा सेल, म्हणजे क्लोरिन तयार करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा भाग, काढून तारेच्या ब्रशने घासावा, असे प्लंबर म्हणतात. तसे करावे का? आणि तोवर बाबांनी टब वापरावा का?

उत्तर 1

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: वडिलांना तूर्त टबात बसू देऊ नका. हॉट टबमध्ये किमान 3 पीपीएम मुक्त क्लोरिन आणि 7.0 ते 7.8 पीएच असावा, अशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. कोमट पाण्यात क्लोरिन कमी पडले की त्वचेवर पुरळ आणणारे स्यूडोमोनास आणि फुप्फुसाला धोकादायक असलेले लिजिओनेला हे जिवाणू वाढतात, आणि वयस्कर माणसांना लिजिओनेलाचा धोका अधिक असतो.

आता मिठाविषयी. अशी बरीच यंत्रे पाण्यातले मीठ थेट मोजत नाहीत. सेलमधून किती वीज वाहते यावरून ती मिठाचा अंदाज बांधतात. पट्ट्यांवर क्षारांचा थर बसला की वीज कमी वाहते आणि यंत्र त्याचा अर्थ ‘मीठ कमी’ असा लावते. तुम्ही घातलेल्या साडेतीन किलोंचा हिशेब 1,200 लिटरला सुमारे 2,900 पीपीएम होतो, म्हणजे मीठ कमी नसून बरेच जास्त आहे. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) मागून घ्या आणि बोरिंगचे नुसते पाणी व टबातले पाणी, दोन्ही मोजा. दोहोंतील फरक म्हणजे ढोबळमानाने तुमचे मीठ. दिव्यावर विश्वास ठेवून यापुढे चमचाभरही मीठ घालू नका.

तारेचा ब्रश, सुरी, पॉलिश पेपर यांपैकी काहीही सेलला लावू नका. पट्ट्या टायटॅनियमच्या असतात आणि त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो. क्लोरिन तयार होते ते या लेपामुळेच. तो खरवडला गेला तर सेल कायमचा निकामी होतो. वीजपुरवठा बंद करून सेल काढा आणि प्लास्टिकच्या भांड्यात, पट्ट्या बुडतील इतक्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-तीन तास ठेवा. बुडबुडे येणे थांबले आणि थर मात्र उरला, तर व्हिनेगर बदलून पुन्हा ठेवा. बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड वापरण्याची वेळ आलीच तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच वापरा, आणि नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी नव्हे. ते ब्लीचिंगच्या संपर्कात येता कामा नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

सेल स्वच्छ झाल्यावर टबातले एक तृतीयांश पाणी काढून नळाचे पाणी भरा. मीठ 2,000 पीपीएमच्या जवळ येईल.

उत्तर 2 (वडोदरा)

सेल स्वच्छ करण्याबाबत पूर्ण सहमत आहे, परंतु एक तृतीयांश पाणी बदलणे मला पुरेसे वाटत नाही. मिठाचा प्रश्न सुटेल, पण 450 पीपीएम कठीणपणाचे पाणी टबात राहिले तर महिन्याभरात पुन्हा हीच वेळ येईल. वीज वाहू लागली की कॅथोडलगत (सेलच्या ऋण पट्टीलगत) हायड्रॉक्साइड तयार होऊन तेवढ्या भागातला पीएच फार चढतो. पाणी गरम असते, आणि कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते. त्यामुळे थर नेमका त्या पट्टीवर जमतो. त्यात जेट सुरू असताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सगळ्या टबाचाच पीएच वर सरकतो. तुमचा 8.2 हा आकडा त्यातूनच आला असावा.

म्हणून टब पूर्ण रिकामा करा आणि नर्मदेच्या पाण्याने भरा. हौदात एका दिवसाचे पाणी पुरेसे नसेल तर दोन वेळच्या पुरवठ्यात भरा. बाहेर सोडलेले खारट पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. पीएच 7.4 ते 7.6 आणि एकूण अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटसारख्या क्षारांचे प्रमाण) 60 ते 80 पीपीएमच्या दरम्यान ठेवली तर पीएच सावकाश चढतो. खड्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती असते, त्याऐवजी वॉटर सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या शुद्ध मिठाच्या गोळ्या घ्या. 1,200 लिटरला 2.4 किलो पुरे. यंत्र हळूहळू क्लोरिन बनवते, त्यामुळे नव्या पाण्यात पहिला डोस हाताने देऊन 3 पीपीएम गाठावे लागते. पंप किती तास चालतो हेही पाहा. पंप बंद असला की क्लोरिन बनणेही बंद, आणि वीज गेल्यावर काही टायमर पुन्हा मूळ वेळेवर येतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. मीटरवर बोरिंगचे पाणी 880 आणि टबातले 3,760 आले, म्हणजे फरक 2,880. हिशेब तंतोतंत जुळला. सेल काढून पाहिला तर एकाआड एक पट्टीवर तव्यावर वाळलेल्या पिठासारखा पांढरा, खरखरीत थर होता आणि मधल्या पट्ट्या मात्र काळसर, स्वच्छ होत्या. व्हिनेगरमध्ये टाकताच सोडावॉटरसारखे बुडबुडे उठले. दुसऱ्यांदा व्हिनेगर बदलल्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास थर पूर्ण सुटला. ब्रश लावावाच लागला नाही. टब रिकामा करून दोन वेळच्या नर्मदेच्या पाण्याने भरला आणि मिठाच्या गोळ्या घातल्या. दिवा विझला आहे. वीज गेल्यामुळे टायमर दिवसातून दोनच तासांवर आला होता, तो आठ तासांवर नेला. आज सलग चौथ्या सकाळी क्लोरिन 3 ते 4 आणि पीएच 7.5 मिळाला, म्हणून संध्याकाळी बाबांना टबात बसू देणार आहे. सेल आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काढून पाहीन.