सेटअप अर्ध्यावर ‘कॅब फाइल करप्ट’ म्हणून थांबतो. फॉरमॅट मारावंच लागेल का?

अमळनेर_काउंटर
नमस्कार मंडळी. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचं मशीन आहे. विंडोज १०, ६४ बिट, २२एच२. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकताना सेटअप अर्ध्यावर आला की एरर १३३५ येते: ‘डेटा१.कॅब करप्ट आहे, वापरता येत नाही’. रिट्राय दाबून उपयोग नाही. कॅन्सल केलं की १६०३ दाखवून केलेलं सगळं मागे घेतो. सेटअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवरून आणलाय, साइज बरोबर दिसते. इकडे लाईट दिवसातून दोन-चारदा जाते, मशीन साध्या इन्व्हर्टरवर आहे. दुरुस्तीवाला म्हणतो थेट फॉरमॅट मारा. जूनमध्ये कपाशी बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आत काम झालं पाहिजे. नेट मोबाइल हॉटस्पॉटचं आहे, त्यामुळे काही जीबी उतरवायचं असेल तर आधीच सांगा.

तापीकाठ
फॉरमॅटचं नंतर बघू. आधी करप्ट फाइल कोणाची आहे ते ठरवा. सेटअपचीच फाइल खराब असेल तर विंडोज दहा वेळा नव्याने टाकलं तरी १३३५ येणारच.

.कॅब म्हणजे आवळून बांधलेलं गाठोडं. त्यातल्या डेटाच्या तुकड्यांसोबत तपासणीचा आकडा ठेवलेला असतो. गाठोडं सोडताना तो जुळला नाही की इन्स्टॉलर हात वर करतो. १६०३ चं मनावर घेऊ नका, ती फक्त ‘जमलं नाही’ एवढंच सांगते.

‘साइज बरोबर दिसते’ यावर मुळीच जाऊ नका. कॉपी संपली असं दिसल्याबरोबर पेनड्राइव्ह ओढला, किंवा नेमकी तेव्हाच लाईट गेली, तर फाइलची नोंद पूर्ण होते, साइज बाइटला बाइट जुळते आणि आतला एखादा भाग नुसत्या शून्यांचा राहतो. म्हणून हॅश काढा, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या. पेनड्राइव्ह ई: असेल तर:

सर्टयूटिल -हॅशफाइल ई:\सेटअप.ईएक्सई एसएचए२५६

६४ अक्षरांची ओळ येईल. ज्या कॉम्प्युटरवर सेटअप उतरवला तिथेही हीच कमांड चालवा आणि दोन्ही ओळी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल बाद. कंपनीच्या साइटवर हॅश दिला असेल तर उत्तमच. नसेल तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. सही ‘ओके’ दाखवली नाही तर उतरवतानाच घोळ झालाय. तो टॅबच दिसत नसेल तर फाइलवर सहीच नाही, त्यावरून काही ठरवू नका.

आता महत्त्वाचं. सेटअप सी: वर कॉपी करून त्याचा हॅश काढा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा काढा. रीस्टार्ट न करता काढला तर फाइल रॅममध्ये साठलेलीच वाचली जाऊ शकते, डिस्कपर्यंत कोणी जातच नाही. दोन्ही वेळा तोच चुकीचा हॅश आला तर दोष फाइलचा. दर वेळी वेगळा आला तर फाइल बिचारी ठीक असू शकते. रॅम, केबल नाहीतर डिस्क खोटं बोलतेय. एररचंही तसंच: दर वेळी त्याच फाइलवर अडकतो की जागा बदलतो, ते लिहून ठेवा.

शिरपूर_सिस्टिम
अँटिव्हायरस बंद करून टाकून बघा, पुष्कळदा त्यानेच होतं.

तापीकाठ
हॅश जुळल्यावर, आणि सेटअप अधिकृत असेल तरच. हॅश न जुळणाऱ्या फाइलसाठी अँटिव्हायरस बंद करणं म्हणजे चोराला दार उघडून देणं. रजिस्ट्री क्लीनरच्या भानगडीत तर पडूच नका, त्याने एकही करप्ट फाइल दुरुस्त होत नाही.

भुसावळ_पंचेचाळीस
डिस्कचं मी सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, डिस्कची तब्येत दाखवणारी छोटी फुकट युटिलिटी आहे, हॉटस्पॉटवर चालेल. चार ओळी बघा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले. सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. सी७ म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेला डेटा. रॉ आकडे सोळाच्या पायात दिसतात, म्हणजे तिथला ‘१०’ हा आपला १६. मेनूत दशमान करता येतं.

सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर दुरुस्तीच्या आधी बिलिंगचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. चेकडिस्क /आर सगळी डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचतं. ५०० जीबीला काही तास लागतात आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच मान टाकते. फक्त सी७ वाढलेला असेल तर साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, बदला. आकडा खाली येत नाही, पुढे वाढतो का तेवढं बघायचं.

रॅमसाठी विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक: रन मध्ये एमडीशेड. हॅश दर वेळी वेगळा येत असेल तर हे सगळ्यात आधी. खराब रॅमवर चेकडिस्क चालवलं तर दुरुस्तीच चुकीची लिहिली जाते.

अमळनेर_काउंटर
करून बघितलं. पेनड्राइव्हवरचा हॅश मूळ कॉम्प्युटरशी जुळला नाही, साइज मात्र अगदी सारखी! पुन्हा कॉपी करून आणला, आता जुळतो, रीस्टार्टनंतरही तोच. रॅम चाचणीत काही नाही. ०५, सी५, सी६ शून्य, सी७ दशमानात १४. केबल बदलली. १३३५ गेली, पण आता १९३५ येते: असेंब्ली कंपोनंट टाकता आला नाही, शेवटी ०एक्स८००७३७१२.

जळगाव_सर्व्हिसडेस्क
म्हणजे दोन दुखणी होती, एक दुसऱ्याच्या मागे लपलेलं. ०एक्स८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या कंपोनंट स्टोअरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलींच्या साठ्यात, विनएसएक्सएस फोल्डरच्या हिशेबात, गडबड आहे. चालू अपडेटमध्ये लाईट गेली की हे होऊ शकतं. बिलिंगच्या सेटअपला सोबतचं व्हिज्युअल सी++ रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली, तिथे ठेवायचं असतं, ते ठेवताना तो अडखळतो.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि आधी डिझम (हे स्टोअर दुरुस्त करतं), मग एसएफसी (हे सिस्टिम फाइली तपासतं). उलट्या क्रमाने करू नका. एसएफसी बिघडलेल्या सिस्टिम फाइलच्या जागी कंपोनंट स्टोअरमधली प्रत बसवतं. स्टोअरच नासलेलं असेल तर ते चांगली प्रत आणणार कुठून?

डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ
एसएफसी /स्कॅननाऊ

डिझम गरजेच्या फाइली विंडोज अपडेटवरून ओढतं. ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ उभं राहिलेलं दिसेल, खिडकी बंद करू नका. जुन्या डिस्कवर तासभर गृहीत धरा.

हॉटस्पॉट मध्येच तुटला किंवा ०एक्स८००एफ०८१एफ आलं, म्हणजे त्याला लागणाऱ्या फाइली मिळाल्या नाहीत, तर २२एच२ ची आयएसओ, म्हणजे विंडोज टाकायच्या डिस्कची एकच मोठी फाइल, लागेल, ५ जीबीच्या आसपास. ती भरवशाच्या नेटवर उतरवून आणा. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. आणि हो, या फाइलचाही हॅश काढा, नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या. आयएसओवर डबल क्लिक केलं की ड्राइव्ह दिसेल, समजा एफ:. सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम आहे की इन्स्टॉल.ईएसडी ते बघा, मग:

डिझम /गेट-विमइन्फो /विमफाइल:एफ:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी

यात तुमची आवृत्ती, होम की प्रो, कितव्या क्रमांकावर आहे ते कळेल. समजा ६:

डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:एफ:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:६ /लिमिटअ‍ॅक्सेस

फाइल विम असेल तर ईएसडीच्या जागी दोन्हीकडे विम. क्रमांक चुकला की नेमकी तीच ०८१एफ पुन्हा येते आणि माणूस आयएसओला दोष देत बसतो.

एसएफसी ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ म्हणालं तर रीस्टार्ट करून पुन्हा एकदा चालवा. तरी तेच, तर विंडोज चालू असतानाच आयएसओमधला सेटअप चालवून ‘फाइली आणि अ‍ॅप ठेवा’ निवडा. आवृत्ती आणि भाषा तीच हवी, सी: वर २०-२५ जीबी मोकळे ठेवा. फॉरमॅट हा त्याच्याही नंतरचा विषय. सेफ मोडमधून सेटअप चालवू नका, तिथे विंडोज इन्स्टॉलरची सेवा सहसा बंदच असते.

भुसावळ_पंचेचाळीस
हे सगळं इन्व्हर्टरवर करणार असाल तर त्याच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असतो. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर पालटायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. डिझम चालू असताना तसं झालं तर परत पहिल्यापासून. काउंटरच्या मशीनला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा लावलेला बरा.

अमळनेर_काउंटर
डिझम हॉटस्पॉटवरच झालं, पाऊण तास लागला. एसएफसीने काही फाइली दुरुस्त केल्याचं सांगितलं. सेटअप शेवटपर्यंत गेला. सी७ अजून १४ च आहे. आता जुना डेटा नव्या आवृत्तीत उघडू का?

तापीकाठ
लगेच नको भाऊ. डिझम आणि एसएफसी फक्त विंडोजच्या फाइली बघतात, तुमच्या बिलांच्या फाइलला कोणी हात लावलेला नाही, आणि लाईट गेल्याचा मार तिनेही खाल्लाय. डेटा फोल्डरची एक प्रत बाजूला काढा. सॉफ्टवेअरमध्ये ‘रीइंडेक्स’ किंवा ‘व्हेरिफाय डेटा’ असेल तर त्या प्रतीवर चालवा, मग नव्या आवृत्तीत तीच प्रत उघडा. मार्चअखेरचा साठा आणि उधारीची बाकी छापील कागदाशी जुळली की मगच मूळ डेटा. व्हयनं का नही, सांगजो भाऊ.