कारा समुद्रातला बर्फ आणि आपलं हळवं भात

कोकणातल्या मुलांचा एक चमू आर्क्टिक परिषदेला निघाला आहे. "कोकणातल्या पोरांना आर्क्टिक परिषदेत काय काम, सरकारी खर्चाने सहल," हा त्यावरचा सूर मला अजिबात पटला नाही. ध्रुवीय संशोधनाचं देशातलं मुख्य केंद्र आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात वास्कोला आहे. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं 'हिमाद्री' संशोधन स्थानक २००८ पासून तेच चालवतं.

आणि संबंध कसा नाही? रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटला की वरच्या थरातल्या वाऱ्यांची घडी बदलते. त्याला तापलेल्या अरबी समुद्राची वाफ मिळाली की सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असं याच केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. कोकणाबद्दल एवढं थेट कोणी दाखवल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणूनच तर इथल्या मुलांनी हे प्रश्न तिथे विचारायला हवेत. सप्टेंबरअखेर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापणीला आलेलं असतं. चार दिवस पाऊस हटला नाही की रोपं आडवी होतात, लोंब्या पाण्यात बुडतात आणि दाण्याला शेतातच कोंब फुटतो. तो पेंढा गुरंही नीट खात नाहीत.

परतल्यावर या चमूने कुडाळ-सावंतवाडीकडे एक व्याख्यान मराठीतून जरूर द्यावं. वाडीतले शेतकरी घेऊन यायची जबाबदारी माझी.