आई-बाबा तीन महिने जर्मनीला येताहेत, लेकीच्या घरी त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितेय, कारण माझा प्रश्न सामानाच्या यादीचा नाही.

आम्ही म्युनिकला राहतो. मी, नवरा आणि चार वर्षांची लेक. सध्या लेकीला घेऊन ठाण्याला, नौपाड्यात माहेरी आलेय आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना सोबत घेऊनच परतणार आहे. बाबा ७१, आई ६८. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. व्हिसा आलाय, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा धरून परतीची तिकिटं काढलीत (उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा). किमान ३०,००० युरोचा विमा झालाय. ही बाजू मार्गी लागलीय.

अडचण बाबांची आहे. यायला ते तयार झालेत ते नातीच्या ओढीने. पण रोज एकदा तरी म्हणतात, "लेकीच्या घरी इतके दिवस हातपाय पसरून राहायचं म्हणजे बरं दिसत नाही गं." माझा नवरा अगदी साधा माणूस आहे, बाबांना बाबाच म्हणतो. तरी व्हिडिओ कॉलवर तो समोर आला की बाबा बनियनवर असले तर उठून शर्ट घालून येतात आणि खुर्चीत ताठ बसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी "अहो जावईबापू" सुटत नाही. हेच ९० दिवस चाललं तर त्यांना त्या घरात धड आडवंसुद्धा होता येणार नाही, या विचाराने माझा जीव कासावीस होतो. किराण्याचे पैसे मी देणार, असं बाबांनी आत्ताच बजावून ठेवलंय. मी नाही म्हटलं नाही. काही तरी खर्च त्यांच्याकडे असू द्यावा असंच मला वाटतं. ज्यांच्याकडे मुलीचे आईवडील राहून गेलेत त्यांनी हे कसं जमवलं, ते मला सगळ्यात आधी ऐकायचंय.

यंदा एक योग जुळून आलाय. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आम्ही पोचल्यावर लगेचच अधिक महिना लागतो. आईच्या मनात जावयाला अनारशांचं वाण द्यायचंय, रीतसर तेहेतीस, वर दिवा ठेवून. नवरा संकोचून "कशाला एवढा त्रास" म्हणतोय. मी त्याला सांगितलं, मुकाट्याने पाटावर बस आणि दोन्ही हातांनी घे. पहिल्या पंधरवड्यातच बाबा त्या घरात देणारे होतील, घरातले वडीलधारे म्हणून उभे राहतील. माझ्या शंभर वेळा "आपलंच घर समजा" म्हणण्याने जे होणार नाही ते याने होईल, असं मला मनापासून वाटतं.

आता त्यातली व्यवहाराची बाजू. बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी आणलेले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात चालत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याचं काही नेत नाही. ताज्या फळांपैकी नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन सोडून बाकी सगळ्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे वाणातला नारळ जाईल, हापूस नाही. बाबांना ही गोष्ट पटायला वेळ लागला. अनारशाचं पीठ आई तुपाचा हात न लावता, नुसतं तांदूळ-गुळाचं करणार आहे आणि तळायला तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप मी कढवीन. खसखस तिथे बेकरीच्या सामानात सहज मिळते, इथून न्यायची गरज नाही. आणि कोणी दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस चुकूनही बॅगेत ठेवू नका, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. पीठ चेक-इन बॅगेतून कोणी नेलंय का? गोळे करून नेऊ की डब्यात दाबून? आणि आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे. आईची जुनी हिंदालियमची कढई त्यावर तापणार नाही. लोखंडी तापेल, पण अनारसा मंद आचेवरच जाळीदार होतो आणि इंडक्शनवर ती आच हाताला लागायला वेळ लागतो. कोणी इंडक्शनवर अनारसे केले असतील तर कितीवर ठेवता ते सांगा.

दुसरी काळजी आईची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात. इथे पहिला मजला आहे, तरी उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरते. म्हणजे तिथे ती दिवसातून एकदा खाली जाऊन येईल, फार तर. इथे तिचा दिवस घंटाळीच्या योगवर्गापासून सुरू होतो, गुरुवारी भजन असतं, संध्याकाळी शेजारणींसोबत जिन्यात तासभर गप्पा. ती माणसांत राहणारी बाई आहे. आमच्या इमारतीत दुपारी १ ते ३ आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, रविवारी तर मिक्सर लावतानाही मी आवाजाचा विचार करते. परवा आईने विचारलं, "जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो म्हणतेस, मग दिवेलागण कधी करायची?" मी म्हटलं तुझ्या घड्याळाने सातला कर. पण त्या प्रश्नावरून कळलं की ती आत्ताच मनातल्या मनात तिथला दिवस लावून बघतेय. सकाळी आम्ही दोघं कामाला आणि लेक बालवाडीला गेल्यावर ते लांबलचक तास ती कसे घालवणार?

यावर बरेच जण सुचवतात की नातीला बालवाडीतून काढा, आजी-आजोबा आहेतच, तेवढे पैसेही वाचतील. मला हे मान्य नाही. एक तर म्युनिकमध्ये सोडलेली जागा परत मिळणं महाकठीण. आणि दिवसभर चार वर्षांच्या मुलीमागे तीन मजले वर-खाली करायला मी त्यांना नेत नाहीये. त्यांनी आयुष्यभर खूप केलंय. पण काहीच काम दिलं नाही तर बाबा पाहुणेच राहतील, हेही तितकंच खरं. म्हणून दुपारी तिला आणायचं काम बाबांचं, असं ठरवलंय. कोण आणायला येणार त्यांची नावं बालवाडीत लेखी द्यावी लागतात, ती देऊन ठेवीन. लेक माझ्याशी मराठी बोलते, पण खेळताना सगळं जर्मन. बाबांना ते कळत नाही आणि ते विचारायला लाजतात. आजी-आजोबांशी मुलांचं मराठी खुलावं म्हणून तुम्ही काय केलंत? गोष्टी, पत्ते, सापशिडी, काहीही सांगा. इथे महिनाभरात "आबा, चला ना" इतकं तर आलंय.

बाबांसाठी एका जागेची मला खूप आशा आहे. ते वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, लेथवर सगळं आयुष्य गेलं. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम १९०३ साली स्थापन झालेलं, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं. यंत्रं बघत ते तिथे तासन् तास रमतील. रोज तलावपाळीला फेरी, कौपिनेश्वराचं दर्शन आणि येताना जांभळी नाक्यावरून भाजी, असा त्यांचा शिरस्ता आहे. तसा एकट्याने जायचा रस्ता त्यांना तिथेही हवा. महिन्याचं डॉइचलँड-टिकीट यंदा ६३ युरो आहे. लोकल, ट्राम, बस सगळं त्यात येतं. पण ते दरमहा आपोआप चालू राहतं, आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद करावं लागतं. पहिला आठवडा मी सोबत जाईन, मग किल्ली आणि तिकीट त्यांच्या हातात. एवढ्या वयाच्या, इंग्रजी बेताचंच असलेल्या माणसाने तिथे एकट्याने फिरल्याचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

आणखी थोडं. औषधं तीन महिन्यांची नेतोय, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मूळ घटकांची नावं लिहून घेतलीत. तातडीसाठी ११२ आणि दवाखाने बंद असताना ११६११७, हे दोन्ही मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावणार आहे. विम्यात जुना रक्तदाब, मधुमेह धरत नाहीत. तर साध्या तपासणीला तुम्ही खाजगी पैसे भरून कुठल्याही डॉक्टरांकडे नेता का? १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या) सीमेवर ईईएसची, म्हणजे येण्या-जाण्याच्या संगणकीय नोंदीची, नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, व्हिसावर येणाऱ्यांचा फोटो घेतात आणि ठसे व्हिसाच्या वेळी दिलेल्या ठशांशी ताडून पाहतात. बाबांच्या बोटांचे ठसे यंत्रकामाने इतके झिजलेत की आधारलाही त्रास झाला होता. सीमेवर अशा माणसांना कोणी अडवलं का, की दुसऱ्या बोटांवर भागतं?

इथल्या घराचंही सांगा. पावसाळ्यात तीन महिने बंद राहील. गॅसचा कॉक बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे, इतकं ठरलंय. पण सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी नेमकी याच दिवसांत आहेत आणि बाबा समितीत आहेत. सभा चुकेल ही धास्ती त्यांना नातीच्या आनंदातही सोडत नाही. ज्यांनी परदेशातून सभेत भाग घेतलाय त्यांनी काय सोय करून घेतली? बँकेचे ओटीपी येण्यापुरतं दोघांच्या सिमना रोमिंग चालू ठेवणार आहेच.

आणि मे ते ऑगस्टमध्ये म्युनिकला कोणाचे आई-वडील येणार असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचा जिना चढवण्यापेक्षा एखाद्या बागेत बाकांवर भेटवू. आईला बोलायला कोणी मिळालं तर माझी निम्मी काळजी मिटेल.