मदत हवी आहे: राज्यपाल चुकले, व्हिपची नेमणूक चुकली, तरी सरकार टिकलं. हे वर्गात कसं समजावू?

राज्यशास्त्रवाली

नमस्कार मंडळी,

अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. पक्षांतरबंदी कायदा हा खरं तर एका तासात उरकणारा विषय. ५२वी घटनादुरुस्ती, १९८५, दहावी अनुसूची, पक्ष सोडला किंवा व्हिप (मतदान कसं करायचं याचा पक्षादेश; तो काढणाऱ्या प्रतोदालाही व्हिपच म्हणतात) मोडला की आमदारकी जाते. फळ्यावर चार ओळी आणि पुढचा धडा. पण आताची मुलं ऐकून घेत नाहीत. जून २०२२ मधलं शिवसेनेतलं शिंदेंचं बंड, सुरत, गुवाहाटी, 'काय झाडी काय डोंगर' त्यांना तोंडपाठ आहे. आणि आपल्यासमोर घडलेलं पुस्तकातल्या चार ओळींत बसत नाही हे त्यांना कळतं.

अडलंय ते सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालापाशी (सुभाष देसाई खटला, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, एकमताने). निष्कर्षांचा भाग मी मुळातून वाचला आहे, त्यामुळे 'आधी निकाल वाचा' हा सल्ला कृपया नको. वाचल्यामुळेच घोळ झालाय. कोर्ट म्हणतं:

राज्यपाल कोश्यारींनी तेव्हाचे मुख्यमंत्री ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते समर्थनीय नव्हतं. त्यांच्यापुढच्या कागदांत आमदार सरकारचा पाठिंबा काढून घेत आहेत असं कुठेच नव्हतं, आणि पक्षातली भांडणं मिटवणं हे राज्यपालांचं काम नाही. विधानसभा अध्यक्षांनी ३ जुलै २०२२ ला शिंदे गटाच्या गोगावलेंना मुख्य प्रतोद म्हणून मान्यता दिली तीही कायद्याला धरून नव्हती, कारण व्हिप नेमतो तो राजकीय पक्ष, विधिमंडळ पक्ष (म्हणजे पक्षाचे फक्त आमदार) नव्हे. आणि मग त्याच निकालात: शिंदेंना सरकार बनवायला बोलावणं योग्यच होतं, आधीची परिस्थिती परत आणता येणार नाही.

वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आलेला प्रश्न जसाच्या तसा देते: 'मॅडम, म्हणजे चोरी झाली हे सिद्ध झालं, पण माल परत मिळणार नाही?'

सगळे हसले, मीही हसले, पण उत्तर नव्हतं. 'ठाकरेंनी राजीनामा दिला म्हणून' हे ठरलेलं उत्तर दिलं तर लगेच पुढचा प्रश्न येतो की राजीनामा दिला नसता तर चाचणीत हरलेच असते ना, मग फरक काय पडला असता?

दुसरी अडचण व्हिपची. मे २०२३ मध्ये कोर्ट गोगावलेंची मान्यता बेकायदा म्हणतं आणि १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष नार्वेकर तीच नेमणूक वैध ठरवतात. हा कोर्टाचा अवमान नाही का, असं मुलं विचारतात. नसेल तर का नाही?

तिसरी अडचण माझी स्वतःची. वर्गात दोन्ही सेनांच्या घरची मुलं आहेत. निकालाच्या दिवशी दोन्ही बाजू जिंकल्यासारख्या बोलत होत्या. इकडे लोकशाहीचा विजय, तिकडे नैतिकता असेल तर राजीनामा द्या. मला कुणाची बाजू घ्यायची नाही. पण 'दोघांचंही थोडं थोडं बरोबर' असं म्हणून सुटकाही करून घ्यायची नाही.

वकील मंडळी असतील तर कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हाच तास आहे.

काळाकोट

ताई, तुमच्या मागच्या बाकावरच्या कार्ट्याला वकील करा.

पहिला मुद्दा. कोर्टात दोन वेगळ्या गोष्टी मागतात. एक, अमुक कृती बेकायदा होती असं जाहीर करा. दोन, त्यामुळे मला अमुक द्या. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असं नाही, आणि हे रोजच्या दिवाणी दाव्यांतही चालतं. इथे दुसरी गोष्ट अडली ती राजीनाम्यावर. स्वखुशीने दिलेला राजीनामा कोर्ट रद्द करू शकत नाही. मुख्यमंत्रिपद रिकामं झालं, मग रिकाम्या जागी कुणाला बोलवायचं तर सभागृहातल्या सर्वांत मोठ्या पक्षाने (भाजप, २०१९ ला १०५ जागा) ज्याला पाठिंबा दिला त्याला. ती कृती कोर्टाने वेगळी तपासली आणि योग्य ठरवली.

'हरलेच असते, मग फरक काय' याचं उत्तर निकालातच आहे. राजीनामा दिला नसता तर सरकार पुन्हा आणण्याचा विचार करता आला असता, असं कोर्ट स्पष्ट म्हणतं. चाचणीचा आदेशच चूक असेल तर त्या चाचणीतला पराभवही त्याच आदेशाबरोबर पुसता येतो. राजीनामा मात्र त्या आदेशाचा भाग नाही, तो त्यांचा स्वतःचा.

मुलांना अरुणाचलचं उदाहरण द्या. २०१६ चा नबाम रेबिया निकाल. तिथे मुख्यमंत्री नबाम तुकींविरुद्ध बंड झालं, राष्ट्रपती राजवट लागली, मग बंडखोर कालिखो पुल मुख्यमंत्री झाले, आणि १३ जुलै २०१६ ला कोर्टाने राज्यपालांचा आदेश चूक ठरवून घड्याळ थेट १५ डिसेंबर २०१५ वर नेऊन ठेवलं. नबाम तुकींचं सरकार परत! आता गंमत बघा. चारच दिवसांत पेमा खांडू मुख्यमंत्री झाले, कारण बहुमत तुकींकडे नव्हतंच. बंडखोर परत आले ते नेता बदलण्याच्या अटीवर. डिसेंबरपर्यंत खांडू बहुतेक आमदारांसह भाजपमध्ये. म्हणजे कोर्टाने 'माल' परत दिला तरी तो टिकवणं कोर्टाच्या हातात नसतं. ही दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवली की तास रंगेल.

बाकावरचा_पंच

क्रिकेटमध्ये सांगा ना. पंचाने चुकीचा बाद दिला असता तर रिव्ह्यू घेता आला असता. हा गडी पंचाने बोट वर करायच्या आधीच तंबूत गेला.

काळाकोट

@पंच, उपमा चांगली, पण थोडी अन्यायकारक. हा गडी आधी रिव्ह्यू मागायला गेला होता. २८ जूनला राज्यपालांचं पत्र आलं, २९ ला संध्याकाळी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, दुसऱ्या दिवशीच्या चाचणीला स्थगिती द्यायला कोर्टाने रात्री नकार दिला आणि त्यानंतर राजीनामा आला. राज्यपालांचा तोच आदेश दहा महिन्यांनी चूक ठरला. ताई, हे मुलांपासून लपवू नका. निकालावर टीका झाली ती बरीचशी याच जागेवर.

जुनीफाईल

मॅडम, मंत्रालयात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, कायद्याच्या कलमांपेक्षा तारखांनी सुरुवात करा. फळ्यावर एक रेघ मारा.

२१ जून २०२२ बंड. २५ जून उपाध्यक्ष झिरवाळांकडून सोळा बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा. २७ जून कोर्टाकडून त्यांना १२ जुलैपर्यंत मुदतवाढ. ३० जून नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. ३ जुलै नवे अध्यक्ष. ४ जुलै विश्वासदर्शक ठराव, १६४ विरुद्ध ९९. मग १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला. मे २०२३ ला कोर्ट म्हणालं अध्यक्षांनी अपात्रतेवर वाजवी वेळेत निर्णय घ्यावा. 'वाजवी' म्हणजे किती यावर पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या, शेवटी ३१ डिसेंबरची मुदत, आणखी दहा दिवस, आणि १० जानेवारी २०२४ ला निर्णय. नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा निवडणूक. ज्या सभागृहातून कुणाला काढायचं की नाही हा वाद होता ते सभागृहच संपलं.

सरकारी नोकरीत आम्ही याला 'फाईल पिकू देणे' म्हणायचो. ही रेघ बघून मुलं स्वतःच बोलतील, तुम्हाला बाजू घ्यावी लागणार नाही.

राज्यशास्त्रवाली

@जुनीफाईल काका, रेघ मारतेच. @काळाकोट, अरुणाचलसाठी मनापासून आभार, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण व्हिपचं राहिलं. आणि मागचा बाक सोडणार नाही: जो माणूस एका बाजूच्या मतांवर अध्यक्ष झाला, त्यालाच कोर्टाने निर्णय घ्यायला का सांगितलं? स्वतः का नाही दिला?

काळाकोट

व्हिप आधी. कोर्टाने गोगावले कधीच व्हिप होऊ शकत नाहीत असं म्हटलेलं नाही. म्हणणं असं, की दोन माणसं व्हिप असल्याचा दावा करताना पक्षाने नेमकं कुणाला नेमलं याची चौकशी न करताच अध्यक्षांनी शिक्का मारला. मग जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी चौकशी केली आणि ठरवलं की २१ जूनलाच शिंदे गट हा खरा पक्ष होता, म्हणून ठाकरे गटाचे प्रभू त्या दिवसापासून प्रतोद उरले नाहीत आणि गोगावलेंची नेमणूक वैध. कागदावर हा अवमान नाही.

खरा वाद पुढे आहे. कोर्टाने बजावलं होतं की आमदार कुणाकडे जास्त एवढ्यावर आंधळेपणाने ठरवू नका, हा आकड्यांचा खेळ नाही. अध्यक्षांनी पक्षाची घटना पाहिली; २०१८ ची आयोगाकडे नोंदलेली नाही म्हणून १९९९ ची धरली. नेतृत्वाची रचना पाहिली, त्यातून निष्पन्न होत नाही म्हणाले. मग उरलं काय? विधिमंडळातलं बहुमत. हे निकालाशी विसंगत नाही का, असं मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत तेव्हाच्या सरन्यायाधीशांनीच तोंडी विचारलं होतं. मला विचाराल तर दहा जानेवारीच्या निर्णयाची सगळ्यात कच्ची वीट हीच. त्यातही दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र झाला नाही. ठाकरे गटाचे वाचले ते व्हिप त्यांच्यापर्यंत रीतसर पोचलाच नाही म्हणून!

आता कोर्टाने स्वतः का नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरलं की अध्यक्ष हा अपात्रतेपुरता न्यायाधिकरण, त्याचा निर्णय आधी, कोर्टाची तपासणी नंतर. दोघा न्यायमूर्तींना तेव्हाच अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणाची शंका होती. अपवाद आहे: २००७ ला राजेंद्रसिंह राणा खटल्यात कोर्टाने बसपातून फुटलेल्या तेरा आमदारांना स्वतः अपात्र ठरवलं, तेही त्या सभागृहाची मुदत संपत आल्यावर. २०२० च्या मणिपूर प्रकरणात कोर्ट म्हणालं तीन महिन्यांत निर्णय व्हावा, आणि संसदेने अध्यक्षांऐवजी कायमस्वरूपी न्यायाधिकरणाचा विचार करावा. संसदेतले बहुतेक मोठे पक्ष कुठे ना कुठे सत्तेत असतात, त्यामुळे ते कुणाला सोयीचं वाटलं नाही. २०२५ ला तेलंगणच्या आमदारांबाबत पुन्हा तीन महिन्यांचा आदेश द्यावा लागला.

नाक्यावरून

एवढं सगळं कशाला, कोर्ट पण मॅनेज असतं. लिहून घ्या मॅडम.

जुनीफाईल

मॅनेज कोर्ट राज्यपालांना एकमताने चूक म्हणत नाही हो. उगाच मुलांच्या डोक्यात भरवू नका.

राज्यशास्त्रवाली

शेवटचं, मग धागा थांबवते. चाचणी परीक्षेत प्रश्न टाकणार आहे: '२०२३ च्या निकालाचे राजकीय परिणाम लिहा.' कुणी 'कोर्टाने शिंदे सरकार बेकायदा ठरवले' असं लिहिलं तर?

काळाकोट

गुण कापा. सरकार स्थापनेचं निमंत्रण योग्य होतं असं निकालात लिहिलंय. 'कोर्टाने शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं' असं लिहिणाऱ्याचेही तेवढेच कापा, ते आयोगाने आणि नंतर अध्यक्षांनी केलं. आणि फुटीचं संरक्षण आता नाही, एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर आमदारकी वाचायची ही सोय २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने काढली, हे ज्याला आठवेल त्याला एक गुण जास्त.

राज्यशास्त्रवाली

मान्य. मागच्या बाकावरचा तो गुण घेऊन जाणार, दिसतंय.