माइलस्टोन नेमका कशाला म्हणायचं, आणि प्लॅनमध्ये कुठे टाकायचा?

प्रश्न
सहा महिन्यांच्या कामाचं वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये करायचंय. टास्क कुठे संपतं आणि माइलस्टोन कुठे येतो? ‘चाचणी’ला माइलस्टोन धरलं तर चालेल का? तारीख हाताने टाकायची का?

प्रतिसाद १
नाही चालणार. चाचणीला दिवस लागतात, माणसं लागतात, ते टास्क. माइलस्टोन म्हणजे टप्पा गाठल्याची खूण, त्याचा कालावधी शून्य. तो एकतर झाला, नाहीतर नाही झाला. ‘८० टक्के झालाय’ असं ज्याबद्दल म्हणता येतं तो माइलस्टोन नव्हेच. बातम्यांतला ‘मैलाचा दगड’ म्हणजे मोठी कामगिरी. इथे ‘करारावर सह्या झाल्या’ एवढंही पुरतं. तुमच्या बाबतीत ‘चाचणी अहवाल ग्राहकाने मंजूर केला’ असं लिहा. मंजुरी कोणाची हे नावातच हवं. पैशांचे हप्ते माइलस्टोनला बांधलेले असतील आणि हे मोघम राहिलं, तर बिलाच्या वेळी वाद ठरलेला.

प्रतिसाद २
कालावधीच्या रकान्यात ० टाका, गँट चार्टवर (कामांच्या आडव्या पट्ट्या दाखवणारा तक्ता) पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण येते.

तारीख मात्र हाताने नको. ऑटो शेड्यूल (तारखा प्रोग्रामच काढतो ती पद्धत) चालू असताना फिनिशच्या रकान्यात तारीख टाकली, की प्रोग्राम न विचारता ‘या तारखेच्या आधी नाही’ असं बंधन लावतो. मग आधीची कामं लवकर उरकली तरी माइलस्टोन जागचा हलत नाही. ‘मस्ट फिनिश ऑन’ (याच तारखेला संपलं पाहिजे) हे बंधन त्याहून वाईट: आधीचं काम आठवडाभर लांबलं तरी तो तिथेच, कागदावर सगळं वेळेत! त्याऐवजी प्रेडिसेसर, म्हणजे ज्यानंतर माइलस्टोन येतो ते काम, जोडा, म्हणजे तारीख आपोआप निघेल. कराराची तारीख टास्क इन्फर्मेशनमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर ‘डेडलाइन’मध्ये भरा. ती काहीच अडवत नाही. माइलस्टोन तिच्यापुढे गेला की इंडिकेटरच्या रकान्यात लाल खूण दिसते.

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत. दर टास्कमागे एक माइलस्टोन टाकलात तर कोणी ढुंकून बघणार नाही. जिथे पुढे जायचं की थांबायचं हे ठरतं, तिथे टाका. बाहेरून येणाऱ्या गोष्टी हमखास सुटतात: परवानगी मिळाली, सर्व्हर ताब्यात आला.

शिवाय ट्रेंड चार्ट ठेवा, म्हणजे माइलस्टोनची अंदाजित तारीख कशी सरकते त्याचा आलेख. आडव्या अक्षावर अहवालाची तारीख, उभ्यावर माइलस्टोन कधी होईल याचा त्या दिवशीचा अंदाज. रेघ सपाट असेल तर ठीक, चढत गेली तर काम लांबतंय. महिनोनमहिने सपाट राहून शेवटी एकदम उभी चढलेली रेघ दिसली, तर समजा, मधल्या काळात अंदाज कोणी तपासलाच नव्हता.