टीम टिकवणं मॅनेजरच्या हातात किती?

कळव्याची (धागा सुरू करणारी)

एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की मे-जूनमध्ये पेपर टाकणाऱ्यांची, म्हणजे राजीनामा देणाऱ्यांची, रांग लागते. मुंबईत हे कुणाला नवीन नाही. त्यावर वरून येणारा उपायही ठरलेला असतो: 'एंगेजमेंट (लोकांचं कामात मन) वाढवा.' मग शुक्रवारी पिझ्झा, एक दिवस सगळ्यांनी पारंपरिक वेश, भिंतीवर महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा फोटो. मी ऐरोलीत विमा दाव्यांची छाननी करणारी टीम सांभाळते आणि माझं ठाम मत आहे की याने कोणी टिकत नाही. माणूस मन लावून काम करतो की नुसता पंच मारून तास भरतो, हे त्याच्या थेट वरच्या माणसाच्या रोजच्या वागण्यावर ठरतं.

रजेचंच घ्या. माझ्या टीममधले निम्मे लोक कोकणातले. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. अशा वेळी रजा आठवडाभर आधी मंजूर करणं म्हणजे ती नाकारणंच. म्हणून आम्ही जूनच्या सुरुवातीलाच एकत्र बसतो. कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोण गौरी-विसर्जन करून परतणार, मागे कोण थांबणार, सगळं तिथेच ठरतं. जे थांबतात त्यांना दिवाळीच्या रजेत पहिला हक्क. हेच लोक महिनाअखेरीला काम तुंबलं की न सांगता उशिरापर्यंत बसतात.

दुसरं म्हणजे, चूक झाली की क्लायंटच्या कॉलवर मी बोलते, टीममधल्या मुलाचं नाव पुढे करत नाही. त्याच्याशी नंतर, एकट्याशी. आणि तपासलेल्या फाइलचं पुढे काय झालं तेही सांगते. दिवसभर स्क्रीनवर हॉस्पिटलची बिलं बघणाऱ्याला त्यातले पैसे कुणाच्या तरी घरी पोचले हे कळायला नको का?

लोकांचं कामात मन किती आहे हे मोजायला गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेची 12 प्रश्नांची चाचणी बऱ्याच कंपन्यांमध्ये वापरतात. त्यात माझ्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे, गेल्या 7 दिवसांत कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं का, असे साधे प्रश्न आहेत. टीमा-टीमांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो त्यापैकी किमान 70 टक्के फरक मॅनेजरमुळे पडतो, असं त्याच संस्थेचं म्हणणं आहे. मला ते पटतं. तुम्हाला?

पार्ल्याचा लेखापाल

नाही पटत. त्या 70 टक्क्यांचा अर्थ नीट बघा. तो आकडा टीमांमधल्या फरकाबद्दल आहे. संपूर्ण कंपनीच पगार कमी देत असेल तर सगळ्याच टीमा खाली असतील. त्यात तुमची टीम जरा वर असेल एवढंच. शिवाय ही संस्था त्याच विषयातला सल्ला विकते, हेही विसरू नये.

हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये पिट्सबर्गच्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून जी मांडणी केली ती आठवा. काही गोष्टी नसल्या की माणूस नाराज होतो, पण त्या असल्या म्हणून त्याला हुरूप येतोच असं नाही. पगार या यादीत आहे, आणि वरिष्ठाची देखरेखही याच यादीत आहे. म्हणजे चांगला साहेब फार तर नाराजी टाळतो. हुरूप येतो तो कामातून, जबाबदारीतून, पुढे जायला मिळण्यातून. रोज तीच बिलं तपासणाऱ्याला तुम्ही यातलं काय देऊ शकता?

आणि खरी जखम वेगळीच आहे. चार वर्षं काम शिकलेल्या माणसाच्या शेजारी नवीन मुलगा त्याच्याहून जास्त सीटीसीवर (वर्षाच्या एकूण पगारावर) येऊन बसतो, आणि त्याला शिकवायचं याच जुन्याने. महिन्याभरात आकडा फुटतोच. तुमचं कौतुक तिथे कुठे पुरणार? ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला 5 वर्षांची सलग नोकरी लागते, त्याच्या आतच ही माणसं निघून जातात.

गिरणगावकर

लेखापालांशी सहमत, पण मला त्यामागचंही सांगायचंय. माझे वडील लोअर परळला कापड गिरणीत बदली कामगार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभं राहायचं, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. आत घ्यायचं की नाही हे बऱ्याचदा मुकादमाच्या मर्जीवर. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा ही मागणीही होती, हे आज कोणी आठवत नाही. अशा माणसाकडे निष्ठा मागायची तरी कशाच्या बळावर?

त्या गिरण्यांच्या जागी आज काचेची ऑफिसं आहेत. तिथे एकाच मजल्यावर दोन रंगांच्या दोऱ्यांची ओळखपत्रं असतात: एक कंपनीचे, दुसरे एजन्सीच्या पगारपत्रकावरचे. काम तेच, टार्गेट तेच. दर 11 महिन्यांनी करार. त्यांना कॅन्टीनचे दर वेगळे, वार्षिक सोहळ्याचं निमंत्रण नाही. ताई, तुमच्या टीममध्ये अशी किती माणसं आहेत? तुमची जूनमधली बैठक त्यांच्यासाठीही असते का?

कळव्याची

असते. रजेच्या यादीत आणि सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत मी भेद करत नाही. कॅन्टीनचे दर माझ्या हातात नाहीत. करार संपायच्या दोन महिने आधी 'पुढे आहे की नाही' हे एजन्सीकडून काढून घेऊन त्या माणसाला सांगणं मात्र माझ्या हातात आहे, आणि ते मी करते. शेवटच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवलेला माणूस फाइल कशी बघणार?

लेखापाल, पगाराचं म्हणणं मान्य. पण आमच्याच मजल्यावर पलीकडच्या टीमला तोच पगार, तेच काम, तीच एजन्सी, आणि तिथली माणसं माझ्यापेक्षा किती तरी वेगाने जातात. हा फरक कशाचा?

आणि 'रोज तीच बिलं' हे अर्धंच खरं आहे. गुंतागुंतीचे दावे मी पाळीपाळीने देते. कोणता दावा का अडकला यावर महिन्यातून एकदा टीममधलंच कोणीतरी बोलतं. बारावीनंतर लागलेली एक मुलगी आज प्रसूतीच्या दाव्यांमध्ये माझ्यापेक्षा जास्त जाणते. ही जबाबदारी हर्झबर्गच्या दुसऱ्या, हुरूप देणाऱ्या यादीतलीच ना?

सातची अंबरनाथ

मी 26 वर्षांचा आहे आणि मला या चर्चेत एक गोष्ट खटकली. 'न सांगता उशिरापर्यंत बसतात' हा बांधिलकीचा पुरावा कसा? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. ते पैसे देता का?

मी काम चोख करतो. चुका शोधून सांगतो. सातला निघतो, कारण त्यानंतरच्या गाडीत ठाण्याला दारात पाय ठेवायला जागा नसते आणि घरी आई एकटी असते. माझा जुना मॅनेजर उशिरा बसणाऱ्यालाच चांगलं रेटिंग द्यायचा. मी तिथून बाहेर पडलो ते पिझ्झ्यामुळे नाही आणि पगारामुळेही नाही.

पार्ल्याचा लेखापाल

हे शंभर टक्के. ताई, मुलगा बरोबर बोलतोय. उशिरा बसणं हे बहुतेक वेळा माणसं कमी असल्याचं लक्षण असतं, आणि ते चांगुलपणाने झाकलं की वरच्यांना मंजुरी द्यायची गरजच वाटत नाही.

कळव्याची

अंबरनाथ, आमच्याकडे जादा तासांची नोंद होते आणि पैसे मिळतात. पण लेखापालांचा मुद्दा मी घेतला. महिनाअखेरीच्या त्या तासांचा हिशेब मांडून आणखी दोन माणसं मागणार आहे.

पार्ल्याचा लेखापाल

मागाच. आणि सोबत आणखी एक कागद द्या: जुन्या-नव्यांच्या पगारातली तफावत, नावांशिवाय, फक्त अनुभवाची वर्षं आणि रक्कम. जो गेला त्याच्या जागी भरती करायला आणि शिकवायला किती लागलं तेही शेजारी लिहा. अप्रेझलच्या आधी, डिसेंबरात. एप्रिलमध्ये बजेट बंद झालेलं असतं. पगार मॅनेजरच्या हातात नाही हे खरं, पण हा कागद आहे. तो न पाठवता टीमच्या मनाविषयी बोलणारे मॅनेजर मला पटत नाहीत.

कळव्याची

असा कागद कोणी पाठवलाय का? उत्तर काय आलं?

शिफ्ट इन्चार्ज, घाटकोपर

मी पाठवला होता. 'दोघांची वाढ आत्ता, बाकीच्यांचं ऑक्टोबरमध्ये बघू' असं उत्तर आलं. ते ऑक्टोबरचं तोंडी ठेवू नका, मेलवर घ्या. आणि ज्यांना थांबायला सांगितलंय त्यांना त्याच दिवशी सांगा.