नवा फायटर दाण्याला तोंड लावत नाही, काय करावं?

गोदाकाठ

रविवारी निळा हाफमून (अर्धचंद्रासारख्या पसरट शेपटीचा) फायटर मासा आणला आहे. आम्ही नाशिकला असतो. पाच लिटरचा गोल काचेचा बाउल, तळाशी रंगीत खडे, फिल्टर किंवा हीटर नाही. पाणी घरच्या आरओचं. आणल्यापासून एकही दाणा पोटात गेलेला नाही. दुकानातून सुट्टे लाल-हिरवे दाणे पुडीत बांधून दिलेत, साधारण दोन मिलिमीटरचे. दाणा टाकला की जवळ येतो, बघतो आणि वळून जातो. एकदा तोंडात घेतला आणि थुंकला. दिवसभर तळाशी खड्यांवर टेकून असतो, मधूनमधून वर येऊन हवा घेतो. थर्मामीटरवर सकाळी १९ अंश, दुपारी २२ दिसतं. दुकानदाराने चिमूटभर मीठ आणि 'निळं औषध' दोन थेंब टाकायला सांगितलंय, अजून टाकलेलं नाही. उपाशी मरेल का तो? दुसरं काही खायला आणू का?

शेवाळ

औषध टाकू नका, आणि खाण्याची काळजीही जरा बाजूला ठेवा. अंगाने भरलेला, मोठा झालेला फायटर आठ-दहा दिवस काही न खाता सहज निभावून नेतो. तुमच्या मजकुरात मला खरी काळजी वाटते ती '१९' या आकड्याची.

हा मासा मूळचा थायलंडमधल्या भातखाचरांचा आणि उथळ, गवताळ पाण्याचा. त्याला २५ ते २८ अंश लागतात. पाणी २२ च्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते आणि तो तळाशी बसून राहतो. अशा वेळी बळेच काही खाल्लंच, तर ते पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं आणि मासा वाकडा पोहायला लागतो. म्हणून आधी ऊब, मग दाणा.

बाजारात सहज मिळतो तो ५० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर. तो पाच लिटरच्या बाउलमध्ये लावू नका. इतक्या कमी पाण्यात थर्मोस्टॅट एकदा अडकला की मासा उकडून मरतो, शिवाय गोल काचेत हीटरला नीट जागाही मिळत नाही. एक फुटी चौकोनी टँक घ्या. त्यात दहा इंच पाणी भरलं की साधारण २३ लिटर होतं आणि त्याला ५० वॉट बरोबर पुरतात. २६ वर लावा. वर झाकण हवंच, कारण फायटर उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात दीड-दोन इंच मोकळी जागा सोडा, वर येऊन हवा घ्यायला.

टँक येईपर्यंत बाउल खिडकीपासून आणि फरशीवरून हलवा, जाड टॉवेल गुंडाळा. बाउलमधलं अर्धा लिटर पाणी काढून अर्ध्या लिटरची स्वच्छ बाटली ४० अंशांच्या पाण्याने भरून, बूच घट्ट लावून आत तरंगत ठेवली, तर पाणी दीड-पावणेदोन अंशांनी चढतं. तेवढंच पुरे. एका तासात याहून जास्त चढवू नका. संध्याकाळी एकदा आणि झोपण्याआधी एकदा केलं तरी रात्रीची घसरण बरीच थांबते.

आता त्याच्या वागण्याबद्दल. 'खात नाही' याचे तीन प्रकार असतात. दाण्याकडे लक्षच नाही, म्हणजे थंडी, भीती किंवा आजार. जवळ येऊन थबकतो, दोन्ही डोळे दाण्यावर रोखतो, क्षणभर मागे सरकतो आणि वळतो, म्हणजे भूक आहे पण हे अन्न आहे हे त्याला पटलेलं नाही. तोंडात घेऊन थुंकतो, म्हणजे दाणा मोठा किंवा कडक आहे. थुंकून परत उचलत असेल तर काळजी नाही, तो चावायचा प्रयत्न करतोय. तुमचा मासा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे, ही चांगली गोष्ट आहे.

पाणकणीस

शेवाळ यांच्याशी सहमत, पण पाण्याचा मुद्दा मी ऊबेइतकाच वर ठेवेन. नुसतं आरओचं पाणी माशाला चालत नाही. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते दाखवणारा आकडा) धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो हळूहळू घसरत जातो. नळाचं पाणीच वापरा, अँटी-क्लोरिन (क्लोरिन घालवणारे थेंब) घालून. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अंदाजाने नाही. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तरी क्लोरिन उडून जातो, पण पावसाळ्यात पालिका क्लोरिन वाढवते तेव्हा थेंब घालणंच बरं.

मात्र उद्या सगळं पाणी एकदम बदलू नका. यात एक फसवी गोष्ट आहे. फिल्टर नसलेल्या बाउलमध्ये माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, कुजणाऱ्या दाण्यांतून अमोनिया साचत जातो. पीएच कमी असेपर्यंत त्यातला बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा त्रास देत नाही. नळाच्या पाण्याने पीएच चढला की तोच विषारी रूपात येतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. 'पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मासा गेला' अशा तक्रारींमागे अनेकदा हेच असतं.

म्हणून रोज एक लिटर काढा, तळातून, सलाइनच्या बारीक नळीने, खड्यांमध्ये अडकलेले दाणे ओढत ओढत. त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरिन घातलेलं एक लिटर नळाचं पाणी हळूहळू भरा. चार-पाच दिवसांत पाणी बहुतांशी नळाचं होतं आणि माशाला झटका बसत नाही. जमलं तर अमोनियाचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. स्वस्त पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा अमोनियाचा रकानाच नसतो. ०.२५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर दिसलं की त्या दिवशी पाणी बदलायचंच.

नव्या टँकला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. हवेच्या नळीवर छोटा कॉक बसवून बुडबुडे अगदी मंद करा. हाफमूनची शेपूट जड असते, जोराच्या प्रवाहात तो दिवसभर झगडत राहतो, दमतो आणि खात नाही. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा मागून घ्या आणि ओला ठेवूनच आणा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्यावरच असतात. नाहीतर ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर वरचेवर पाणी बदलत राहावं लागतं.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. एक फुटी टँक, हीटर आणि स्पंज फिल्टर आणतोय. दोन गोष्टी विचारतो. नव्या टँकमध्ये त्याला सोडताना पिशवीत घालून थेंब-थेंब पाणी मिसळायचं का? आणि दाणे बदलायचे तर नेमके कोणते?

पाणकणीस

घरातल्या घरात हलवताय, तेव्हा थेंबाथेंबाची गरज नाही. स्वच्छ मगमध्ये बाउलचं थोडं पाणी आणि मासा घ्या, मग टँकमध्ये तरंगता ठेवा, दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी त्यात घाला. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नंतर मासा हाताने किंवा मऊ जाळीने अलगद सोडा, मगमधलं पाणी फेकून द्या. पार्सलने आलेल्या, बराच वेळ बंद पिशवीतल्या माशाला तर तासभर थेंब लावत बसणं धोक्याचंच. पिशवी उघडली की आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, आणि अमोनियाचं वर सांगितलेलं गणित पिशवीतच घडतं.

पहिले २४ तास दिवा बंद. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गडद कागद लावा, म्हणजे काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहून तो कल्ले-पंख पसरून फुलारत राहणार नाही. आरसा दाखवू नका.

शेवाळ

खाण्याचं सविस्तर लिहितो, कारण इथेच जास्त घोळ होतात.

पुडीतले सुट्टे दाणे टाकून द्या. ते कधी उघडले, किती दिवस हवेत होते हे कळायला मार्ग नाही, आणि त्यातलं तेल खवट झालं की मासा वासानेच वळतो. शिवाय लाल-हिरवे दाणे बहुतेक गोल्डफिशचे असतात, त्यात गव्हाचं पीठ जास्त. फायटर कीटक खाणारा मासा आहे. बेटासाठीचा (फायटरचंच दुसरं नाव), एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, तरंगणारा दाणा घ्या. पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव फिशमील, कोळंबी किंवा कीटकाचं हवं, प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास. हिकारीचा बेटा बायो-गोल्ड चालतो, ऑप्टिममचा बेटाचा दाणाही चालतो. छोटंच पाकीट घ्या, हवाबंद डबीत ठेवा आणि उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा.

नव्या टँकमध्ये सोडलेल्या दिवशी काहीच देऊ नका. दुसऱ्या दिवशी, पाणी २५-२६ वर स्थिर असताना, दिवा लावून अर्धा तास जाऊ द्या. मग एकच दाणा टँकच्या पाण्यात मिनिटभर भिजवा आणि ओल्या टूथपिकच्या टोकावर घेऊन त्याच्या तोंडासमोर दोन-तीन इंचांवर अलगद सोडा. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, वर तरंगणारी, हलणारी गोष्ट त्याला पटकन दिसते. दाणा हलला नाही तर टूथपिकने किंचित सरकवा. पाच मिनिटांत उचलला नाही तर ड्रॉपरने काढून टाका. मुठीने दाणे टाकून 'खाईल हळूहळू' म्हणून सोडून देणं, यातूनच निम्मा अमोनिया येतो.

रोज दोनदा, त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी. तीन-चार दिवसांत तो तुमचा हात दिसताच तिथे यायला लागतो.

दाणा घेतलाच नाही तर फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या बारीक लाल अळ्या. क्यूब अख्खा वितळवू नका, सुरीने नखाएवढा खरवडा आणि बाकीचा लगेच फ्रीझरमध्ये टाका. टँकच्या पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं वितळू द्या, लाल पाणी ओतून द्या आणि चिमट्याने एक अळी धरून त्याच्यासमोर हलवा. दोन-तीन अळ्या पुरे. गटारातून आलेलं जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) देऊ नका, त्यातून रोग येतात.

डासांच्या अळ्या त्याला जीव की प्राण. पण त्या स्वच्छ पाण्यातल्या असाव्यात, गाळणीत धुऊन घ्याव्यात, आणि दोन मिनिटांत संपतील तेवढ्याच द्याव्यात. त्यासाठी घरी बादली भरून ठेवू नका. राहिलेल्या अळ्यांचे डास होतात, आणि डेंग्यूचा डास याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

एकदा ब्लडवर्म खाल्ला की लगेच दाण्यावर आणायची घाई नको, पण चटकही लावू नका. सकाळी उपाशीपोटी दाणा, संध्याकाळी ब्लडवर्म. सकाळचा दाणा ब्लडवर्मच्या लाल पाण्यात भिजवलात तर काम सोपं होतं. सकाळी घेतला नाही तर संध्याकाळी ब्लडवर्म एखादाच द्या. पुढे रुळल्यावर एक मिलिमीटरचे तीन-चार दाणे दोनदा, आठवड्यात एक दिवस उपास, ब्लडवर्म दोन वेळा. पोट बाजूंनी फुगलेलं दिसलं तर दोन दिवस पूर्ण बंद.

हिरवी काच

एक गोष्ट राहिली. पाणी आणि ऊब नीट झाल्यावरही आठवडाभर खाल्लं नाही तर आजार तपासा. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका मारा. अंगावर सोनेरी-तांबूस धूळ भुरभुरल्यासारखी चमकली तर तो व्हेल्व्हेट नावाचा परजीवी, आणि त्यात भूकही जाते. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर इच, हाही परजीवीचाच आजार. पंख अंगाला चिकटवून बसणं, खड्यांवर अंग घासणं, कल्ले भराभर हलणं ही दोन्हींची लक्षणं. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा एखाद्या वेळी उपाशी माशालाही होते. खाऊनही तशीच राहिली तर पोटातले परजीवी. खवले पिंजल्यासारखे उभे राहिले तर मात्र लगेच माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर उपयोगी आहे, पण फिल्टरमधले चांगले जिवाणू मारतं. द्यायची वेळ आलीच तर वेगळ्या भांड्यात.

गोदाकाठ

टॉर्च मारून पाहिलं, अंग स्वच्छ आहे, ठिपके नाहीत. सोसायटीत देशी बदामाचं झाड आहे. त्याची पानं टाकतात म्हणे, खरं का?

हिरवी काच

खरं आहे, ते हेच झाड. पण झाडावरचं हिरवं पान नको. आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी, कोरडं पान उचला. रस्त्याच्या कडेचं किंवा फवारणी होते तिथलं नको. नळाखाली चोळून धुवा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, म्हणजे ते लवकर तळाशी बसतं. २३ लिटरला अर्धं पान पुरतं. पाणी चहासारखं तांबूस होतं, त्यात घाण काही नाही, ते टॅनिन, म्हणजे पानातून उतरलेला तुरट रंग. त्याने प्रकाश मऊ होतो, माशाला आडोसा वाटतो, बुरशीलाही थोडा अटकाव होतो. तीन-चार आठवड्यांत पानाची जाळी झाली की बदला. अमोनिया त्याने जात नाही, तेव्हा पाणी बदलणं चुकवू नका. आडोशाला एक अन्युबियस किंवा जावा फर्न (दोन्ही पाण्यातली झाडं) दगडाला दोऱ्याने बांधून ठेवा. रुंद पान पाण्याच्या वरच्या थरात आलं की तो त्यावर विसावतो. टोकदार प्लॅस्टिकची झाडं नकोत, शेपूट फाटते.

आणि टँकमधून पाणी काढायच्या आधी हीटरचं बटण बंद करून पंधरा मिनिटं थांबा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते.